पाणी सातबाऱ्यावरून उतरवा

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: भूजलावरचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सविनय नमस्कार.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव आहे. तीन एकर जमीन, आता सगळी कोरडवाहू. दहा वर्षं ग्रामपंचायतीत सदस्य होते. त्यातले कितीतरी उन्हाळे टँकरच्या खेपा मोजण्यात गेले. पण टँकर वाढवून द्या हे सांगायला मी लिहीत नाही. टँकर मागून मागून आमचा घसा बसला आहे आणि तुम्हीही ते ऐकून थकला असाल.

आमच्या शेतात सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीएवढी, खोल विहीर आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर सासऱ्यांनी ती खणली. दिवसा दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीत उतरायचं, असं दोन उन्हाळे चाललं होतं. पाच परसांवर मांजऱ्या, म्हणजे मऊ, खडकात झरा लागला. तेव्हापासून ते दर अमावास्येला दोरीला दगड बांधून पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण आकडा कधी चुकवला नाही. ते गेल्यावर ते काम मी चालू ठेवलं. आता तिसरी वही चालू आहे.

जुन्या वहीत वाईट सालं आहेतच. पण वाईट सालातही अक्षय्य तृतीयेला दीड-दोन हात पाणी असायचं. गुरांपुरतं, घरापुरतं आणि मिरचीच्या दोन वाफ्यांपुरतं. 2011 च्या उन्हाळ्यात आमच्या चुलत दिरांनी बांधापलीकडे, विहिरीपासून चाळीस पावलांवर, साडेपाचशे फूट बोअर मारलं. त्या वर्षी पावसाळ्यात विहीर भरली, पण संक्रांतीला तळ दिसला. पुढच्या वर्षी दुष्काळच होता, त्याचा दोष मी बोअरला देत नाही. पण त्यानंतरच्या चांगल्या पावसाच्या सालांतही वहीत फेब्रुवारीपुढे ‘कोरडी’ याखेरीज शब्द नाही.

दिरांवर माझा राग नाही, हे आधी स्पष्ट लिहिते. त्यांची मोसंबीची बाग होती, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. झाडं डोळ्यांदेखत वाळत असताना कुठला शेतकरी हात बांधून बसेल? त्यांनी पाणाड्या आणला, नारळ फिरवला, पॉइंट काढला, गाडी बोलावली. त्या पहिल्या बोअरला पाणी लागलं, तीन वर्षांनी तेही आटलं. मग आणखी सहा मारले. चार कोरडे गेले, दोन धूर ओकून बंद पडले. बाग शेवटी तोडलीच. कर्ज अजून फिटतं आहे. आमची विहीर गेली आणि त्यांची बागही गेली, आणि यात कुणीही कायदा मोडला नाही. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. कायद्याने दिलेला हक्क वापरूनच आम्ही एकमेकांना कोरडं केलं.

हा हक्क आला कुठून ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. 1882 चा सुविधाधिकार कायदा, इंग्रजांनी केलेला. आपल्या जमिनीखालचं पाणी हवं तेवढं उपसायचा जमीनमालकाला अधिकार आहे, हे तत्त्व त्यात आहे. बैलाच्या मोटेने पाणी काढायच्या काळात हे तत्त्व फारसं कुणाच्या मुळावर येत नव्हतं. बैल दमायचा, माणूस दमायचा, आणि विहिरीला रात्रभर उसंत मिळायची. साडेसात हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार दमत नाही. कायदा मात्र मोटेच्या काळातच उभा आहे.

आमच्याकडच्या खडकाचं थोडं सांगते, कारण मुंबईत बसून हे दिसत नाही. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग काळ्या पाषाणाचा आहे. या पाषाणात वाळूसारखं पाणी साठत नाही. ते साठतं वरच्या मुरमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत. हा साठा पातळ आहे. एका चांगल्या पावसाने भरतो आणि एका उन्हाळ्यात रिकामा होतो. विहिरी याच थरातून पितात. बोअर हा थर भेदून खाली जातं. लोखंडी केसिंग असतं ते वरच्या मातीमुरमापुरतं, खाली उघडं भोक. उथळ थरातलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं, आणि आजूबाजूच्या विहिरींना कळायच्या आत त्यांचा झरा बंद होतो. खोल भेगांत जे पाणी सापडतं ते वर्षानुवर्षं झिरपून साठलेलं असतं. ते एकदा काढलं की पुढच्या पावसाने परत येत नाही. शेजाऱ्याच्या सातबाऱ्याची हद्द बांधावर संपते, पाण्याची संपत नाही. जमिनीखाली सगळ्या गावाचं एकच भांडं आहे आणि ज्याची नळी लांब त्याच्या तोंडात पाणी जातं.

तुम्ही हे समजून एक चांगला कायदा केला होता. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम 2009. राष्ट्रपतींची संमती मिळून तो 1 जून 2014 पासून अंमलात आला. 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला तो खोल विहीर म्हणतो आणि शासनाने जाहीर केलेल्या, म्हणजे अधिसूचित, क्षेत्रात तिला मनाई करतो. विहिरींची नोंदणी, बोअरच्या गाड्यांची नोंदणी, पाणलोट क्षेत्रासाठी समिती, उपलब्ध पाण्याप्रमाणे पिकांचं नियोजन, सगळं त्यात आहे. नियमांचा मसुदा निघायला 2018 साल उजाडलं. आमच्या गावात मात्र या कायद्याची खूण मला अजून दिसलेली नाही. त्याआधी 1993 चा कायदा होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खणायला त्याने बंदी घातली होती. सदस्य असताना मी एकदा टेप घेऊन गावच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती फिरले. त्या अंतरात अकरा बोअर मोजले. कार्यालयात विचारायला गेले तर साहेब म्हणाले, लेखी तक्रार द्या. अकरापैकी चार माझ्या भावकीतले होते. लेखी तक्रार कुणाविरुद्ध देऊ?

म्हणून म्हणते, गावकऱ्याने गावकऱ्याविरुद्ध तक्रार करावी या पायावर उभा केलेला कायदा चालत नाही. शेजाऱ्याशी वैर घेऊन कुणी पाणी वाचवणार नाही. हक्काची व्याख्याच बदलावी लागेल.

नदीच्या बाबतीत तुम्ही ती बदलली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा 2005 चा कायदा म्हणतो की एका उपखोऱ्यातल्या धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याचं प्रमाण सगळीकडे सारखं असावं, तूट आली तर ती सर्वांनी वाटून घ्यावी. त्याच आधारावर गोदावरीच्या धरणांतलं पाणी कसं वाटायचं ते सांगायला मेंढेगिरी समिती नेमली गेली, 2014 मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-नगरकडच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं हे ठरलं. 2023 मध्ये साडेआठ टीएमसीवर (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश निघाला. त्यावरून किती भांडणं होतात, नदीच्या कोरड्या पात्रात किती पाणी मुरतं, हे सगळं आम्ही पाहतो. तरीही तत्त्व मान्य झालं ही फार मोठी गोष्ट आहे. वर राहणाऱ्याला आधी मिळालं म्हणून ते त्याचं होत नाही, एवढं महाराष्ट्राने कायद्यात लिहून ठेवलं.

मग जमिनीखाली हे तत्त्व का लागू नाही? आमचं गाव जायकवाडीच्या लाभक्षेत्रात नाही, कुठल्याच मोठ्या धरणाच्या नाही. बालाघाटावरच्या कितीतरी गावांना कालवा कधी येणार नाही. त्यांची नदी जमिनीखाली आहे. तिथे मात्र जो वर, जो खोल, जो श्रीमंत, त्याला सगळं.

आता एक गोष्ट लिहिते जी सभांमध्ये कुणी बोलत नाही. पाण्याचा हक्क सातबाऱ्याला बांधला की ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला पाण्यावर हक्कच नाही. आमच्या गावात पाणी आणतात बाया आणि मुली. सातबाऱ्यावर बायांची नावं किती? बहुतेक विधवांची, तीही दिरांनी ‘लावू दिली’ तर. पाणी डोक्यावर वाहते ती, आणि कायद्याच्या नजरेत त्या पाण्याशी तिचा संबंध शून्य. तीच गत भूमिहीनांची. आमच्या गावची दलित वस्ती आणि डोंगरकडची वस्ती सार्वजनिक विहिरीवर आणि हापशावर अवलंबून होती. विहीर आटली, हापसा नुसता खडखडतो. आता त्यांनी पाणी मागायचं ते खासगी बोअरवाल्याकडे. तो देईल तर त्याचा उपकार, नाही म्हणाला तर त्याचा अधिकार.

तुम्ही ज्या सभागृहात बसता त्याच्या पूर्वसुरींनी, मुंबई विधिमंडळाने, 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, हा तो ठराव. तो कागदावरच राहिला म्हणून 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, आणि त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघायला 1937 उजाडलं. इतक्या लढ्यानंतर मिळालेला हक्क होता सार्वजनिक पाण्यावरचा. आज त्या पाणवठ्यावर जायला कुणी अडवत नाही. पण सार्वजनिक विहिरीच्या पोटातलं पाणी शेजारच्या खासगी बोअरने ओढून नेलं आहे. हक्क आहे, विहीर आहे, पाणी नाही. हा विषय सिंचनाचा आहे तितकाच त्या हक्काचा आहे.

पाणी जमिनीपासून सोडवता येतं हे या महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा की पाणी जमिनीप्रमाणे नव्हे, माणसांप्रमाणे. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर बंद केले, दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. आम्ही तिथे दोनदा जाऊन आलो. परत आल्यावर आमच्या ग्रामसभेनेही ठराव केला, एकमताने. आठ महिने टिकला. पहिली बाग वाळायला लागली तशी रात्री गाडी आली. ठरावाला कायद्याचं बळ नव्हतं आणि आमच्याकडे सगळ्या गावाने ऐकावं असा माणूसही नव्हता. असा माणूस गावोगाव मिळत नाही. ज्या गावाला मिळाला नाही त्या गावच्या लेकरांनी तहानेलं राहावं का?

तुम्ही पाण्यावर खर्च करत नाही असं मी म्हणणार नाही. शिवारात पाणी अडवण्याच्या जलयुक्त शिवार योजनेवर 9,600 कोटींहून जास्त खर्च झाला. आमच्या ओढ्याचं खोलीकरणही त्यातच झालं आणि पहिली दोन वर्षं फरक पडला होता. पण भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश नाही, असा शेरा सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने मारला. मला त्याचं नवल वाटलं नाही. आम्ही श्रमदानाने पाणी अडवलं आणि ज्या हंगामात विहिरींना जरा पाणी दिसलं त्याच हंगामात शिवारात चौदा नवे बोअर पडले. भरणं सरकारी, उपसणं खासगी, आणि दोन्हींच्या मध्ये हिशेब कुठेच नाही. शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहतं पाणी धरायला शेततळं हवं. आमच्याकडे प्लास्टिक अंथरून त्यात बोअरचं पाणी भरतात. जमिनीखाली गार, झाकलेलं पाणी वर काढून उन्हात वाळत ठेवायचं आणि त्यालाही अनुदान.

मोफत विजेबद्दल जपून लिहिते, कारण मीही शेतकरी आहे. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. ज्याच्या सोयाबीनला भाव मिळत नाही त्याला हा दिलासा हवाच होता. सौरपंपही हवेत, रात्री साप-विंचवांत पाणी धरायला जाणाऱ्यांच्या बायका काय घोर लावून घेतात ते मला माहीत आहे. पण पंप देताना त्या भागात जमिनीत पाणी किती आहे हा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर हा दिलासा पाच-सात वर्षांत कोरड्या बोअरमध्ये जाईल. आणि ज्याच्याकडे पंपच नाही त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही, उलट त्याच्या हापशाचं पाणी जातं.

उसाचा हिशेब मी एकदा वहीच्या मागच्या पानावर मांडला. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला, पावसासकट, अंदाजे 2 कोटी लिटर पाणी लागतं. जलजीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर ठरवले आहेत. हजार वस्तीच्या गावाला वर्षभर 55 लिटर द्यायचे तर लागतात 2 कोटी लिटर. एक हेक्टर ऊस आणि हजार माणसांचं वर्ष! त्यातला तिसरा हिस्सा पावसाने दिला असं धरलं तरी उरलेलं काढायचं जमिनीतूनच. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. साऱ्या देशाने त्या गाडीचे फोटो पाहिले. 2 कोटी लिटर म्हणजे तशा 40 खेपा. ऊस लावणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. ठरल्या भावाने खरेदीची हमी दुसऱ्या कुठल्या पिकाला आहे? तुरीला, ज्वारीला, करडईला उसासारखी खरेदीची खात्री तुम्ही द्या, आमचे लोक आपणहून वळतील. तोवर मात्र ज्या गावाला मार्चमध्ये टँकर लागतो त्या गावच्या शिवारात ऑक्टोबरमध्ये नवी ऊसलागवड होता कामा नये, हे लिहून द्यायला हवं.

आमची मागणी नेमकी सांगते. भूजल हे जमीनमालकाचं नाही, गावाच्या पाणलोटात राहणाऱ्या सगळ्यांचं आहे, शासन त्याचं फक्त विश्वस्त आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहा. त्यातला पहिला वाटा माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचा, तो बाजूला काढल्याशिवाय शेतीचा उपसा मोजायलाच घ्यायचा नाही. दुसरा वाटा प्रत्येक कुटुंबाला पोटापुरता, जमीन असो वा नसो, आणि त्या कुटुंबाच्या नोंदीत बाईचं नाव पुरुषाच्या बरोबरीने. भूमिहीनाने आपला वाटा शेजाऱ्याला हंगामापुरता द्यावा, मोबदला घ्यावा किंवा सामाईक भाजीपाला करावा, ते त्याने ठरवावं. उरलेलं पाणी पिकांना, ताळेबंदाप्रमाणे.

हे मोजणार कसं, असं विचाराल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतेच. ऑक्टोबरचा आकडा रब्बीच्या पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे, मराठीत, फुटांत, गेल्या पाच वर्षांच्या आकड्यांसह. तो आमच्यापर्यंत कधी येतच नाही. माझ्या सासऱ्यांना दोरी आणि दगड घेऊन जे जमलं ते शासनाला जड जाऊ नये.

आणि बोअरच्या गाड्या. यावर मी सर्वांत जास्त जोर देईन. राज्यातल्या लाखो विहिरींवर पहारा ठेवणं अवघड आहे, हे मला कळतं. पण गाड्या मोजक्या आहेत. त्यातल्या कितीतरी तमिळनाडूच्या पासिंगच्या, उन्हाळ्याच्या तोंडावर येतात आणि तालुक्याच्या नाक्यावर एजंटाच्या फलकाखाली उभ्या राहतात. गाडीची नोंदणी, तिच्यावर जागेची नोंद करणारं यंत्र, आणि ग्रामसभेच्या परवानगीचा कागद असल्याशिवाय दांडा जमिनीत घालायचा नाही, एवढं केलं तरी निम्मं काम होईल. वाळूच्या गाड्यांसाठी हे यंत्र तुम्ही बसवायला लावलंच आहे ना? परवानगी नाकारली तर बागायतदाराचं काय, हा प्रश्न खरा आहे. त्याला बाग जगवण्यापुरतं पाणी सामाईक साठ्यातून, नाहीतर बाग मोडायची भरपाई, यांपैकी एक द्यावं लागेल. माझ्या दिरांना सातपैकी पहिल्याच बोअरच्या वेळी कुणी असा पर्याय दिला असता तर आज त्यांचं घर कर्जात नसतं.

यावर अशासकीय विधेयक आणायला कुणीही सदस्य पुढे आले, पक्ष कोणताही असो, तर आमच्या वह्यांच्या नोंदी, अकरा बोअरांचा माझ्या हातचा नकाशा आणि ग्रामसभेचा तो आठ महिन्यांचा ठराव, सगळं देईन. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात चर्चा लागणार असेल तर आठ दिवस आधी कळवावं. प्रेक्षक गॅलरीचा पास सदस्यांच्या शिफारशीने मिळतो असं ऐकलं आहे. आम्हाला चारच पास पुरतील. डिसेंबरात आमचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेलं असतं.

आपली नम्र,
एक कोरडवाहू शेतकरी, माजी ग्रामपंचायत सदस्य
बीड जिल्हा